छोट्या रणातली दोन खोकडं

कच्छच्या छोट्या रणात बहुतेक लोक रानगाढवं बघायला जातात. आम्ही जानेवारीत गेलो ते मुद्दाम खोकडांसाठी (इंग्रजीत ‘फॉक्स’). इथे दोन प्रकारची खोकडं एकाच फेरीत दिसू शकतात. ओळखायला शेपटीचं टोक बघायचं: काळं असेल तर भारतीय खोकड, पांढरं असेल तर वाळवंटी. आपल्या सासवड-इंदापूरच्या माळांवर दिसतं ते काळ्या टोकाचं.

वाळवंटी खोकड सकाळीच दिसलं. बेटाच्या उतारावर (रणातल्या उंचवट्यांना बेट म्हणतात, पावसाळ्यात भोवती खरंच पाणी भरतं) बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलं होतं. कानांची मागची बाजू काळी कुळकुळीत. डोळे मिटलेले, पण कान एकसारखे फिरत होते. मध्येच उठलं, चार पावलं गेलं, मान तिरकी करून ऐकलं आणि पुढच्या पायांनी माती उकरून काहीतरी मटकावलं.

हे लाल खोकडाच्याच जातीतलं. तीच जात लडाखच्या बर्फात दाट केस पांघरून राहते आणि लंडनच्या गल्ल्यांत कचऱ्यावरही जगते. रणातलं मात्र अंगाने लहान, रंगाने फिकट.

भारतीय खोकडाचं तसं नाही. ते उंदीर, नाकतोडे, वाळवी, अंडी, बोरं, जे मिळेल ते खातं. पण राहायला त्याला मोकळा माळच लागतो. दाट जंगलात ते रमत नाही. म्हणूनच माळाला ‘पडीक’ ठरवून तिथे झाडं लावली की मला वाईट वाटतं. आपण त्याचं घरच मोडत असतो. गावातल्या मोकाट कुत्र्यांचे रोग हा आणखी एक धोका.

जाणार असाल तर अहमदाबादहून विरमगाममार्गे बजाणा किंवा झैनाबाद गाठा. गाडीने दोन-अडीच तास लागतात. अभयारण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. स्वतःची गाडी रणात घालू नका. वरची पापडी कोरडी दिसते, खाली चिखल असतो, आणि सगळीकडे सारखंच दिसत असल्याने वाट चुकते. स्थानिक जीपच घ्या आणि निघतानाच सांगा, बिळापासून लांब थांबायचं, इंजिन बंद करायचं. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लांचे दिवस, तेव्हा तर आणखी लांब. माणसं जवळ येत राहिली तर आई पिल्लांना दुसऱ्या बिळात हलवते. बिस्किटं टाकून खोकडाला जवळ बोलावणारा चालक भेटला तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. पहाटे उघड्या जीपमध्ये वारा झोंबतो, कानटोपी हवीच.

गुजरात जमत नसेल तर पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिरसुफळला वनविभागाची गवताळ सफारी आहे. आधी ऑनलाइन नोंदणी करा आणि सकाळची पहिली फेरी घ्या.