काउन्सेलरचा पगार कुठून येतो

गेल्या आठवड्यात आमच्या काउन्सेलिंग सेंटरमधल्या एका काउन्सेलरचा शेवटचा दिवस होता. तिला कोणी काढलं नाही, कामात काही खोट नव्हती, ग्रँट संपली एवढंच. तीन वर्षांची ग्रँट होती, तीन वर्षं झाली. मी अमेरिकेतल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत नोकरी करते, ग्रँटचे अर्ज लिहायचे, बजेट बसवायचं, रिपोर्ट पाठवायचे हे माझं काम. तिची पोझिशन ज्या अर्जावर उभी होती तो मीच लिहिला होता, मंजूर झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून केक कापला होता. त्यामुळे हे फार लागलंय मनाला.

त्या दिवशी काही कागदांवर सही घ्यायला तिकडे गेले होते तर रिसेप्शनवर एक मुलगा उभा होता. पुढची अपॉइंटमेंट आता दुसऱ्या कोणाकडे असेल असं त्याला सांगितलं गेलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग एवढंच विचारलं, "म्हणजे मी परत पहिल्यापासून सगळं सांगायचं का?" नोट्स फाइलमध्ये आहेत, काळजी करू नकोस, असं रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, आणि ते खरंही आहे. पण कितीतरी मुलांना समोरच्या माणसाशी मोकळं बोलायलाच चार-पाच सेशन जातात, तो बसलेला विश्वास फाइलमधून पुढच्या माणसाकडे कसा जाणार?

आता ग्रँटबद्दल सांगते, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं पैसे आले म्हणजे प्रश्न मिटला.

अमेरिकेत कॉलेजांसाठी विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि आत्महत्या रोखणं या विषयावरची सगळ्यात ओळखीची केंद्र सरकारची ग्रँट म्हणजे गॅरेट ली स्मिथ यांच्या नावाची. गॅरेट हा ओरेगनचे तेव्हाचे सिनेटर गॉर्डन स्मिथ यांचा मुलगा, कॉलेजात शिकत होता, २००३ च्या सप्टेंबरमध्ये बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याने आत्महत्या केली. वडिलांनी सिनेटमध्ये उभं राहून त्याच्याबद्दल सांगितलं आणि २००४ च्या ऑक्टोबरमध्ये या ग्रँटचा कायदा झाला. हे वाचताना दर वेळी माझ्या पोटात तुटतं, एका बापाने आपल्या दुःखातून दुसऱ्यांच्या मुलांसाठी एवढं उभं केलं. कितीतरी कॅम्पसवरच्या लोकांना धोक्याची लक्षणं ओळखायला या पैशांतून शिकवलं गेलंय, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण सुरुवातीला त्या पैशांतून काय करता यायचं ते बघा. सेमिनार, हॉटलाइन, माहितीपत्रकं, घरच्यांसाठी साहित्य, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना ट्रेनिंग. प्रत्यक्ष उपचार त्या यादीत नव्हते, आणि जितके डॉलर सरकार देणार तितकेच कॉलेजनेही घालायचे अशी अट. २०१६ च्या कायद्याने नियम सैल झाले, सेवांसाठीही पैसे वापरता येऊ लागले. पण मुदत तीनच वर्षं आणि रक्कम वर्षाला साधारण एक लाख डॉलर. त्यात एक अनुभवी काउन्सेलर, त्याचा इन्शुरन्स वगैरे धरला की बाकी काही उरत नाही.

मग होतं काय, अर्ज लिहिणाराही शहाणपणाने (मीही कैकदा केलंय हे) माणसाचा पगार टाळतो आणि ट्रेनिंग, पोस्टर, ॲप, एखादा जागृती सप्ताह असं लिहितो, कारण ते तीन वर्षांत संपवता येतं, आकडे दाखवता येतात, इतक्या लोकांना ट्रेनिंग दिलं, इतके कार्यक्रम झाले. ट्रेनिंग घेतलेला प्रोफेसर मग चांगल्या मनाने मुलांना सेंटरकडे पाठवतो, आणि सेंटरमध्ये माणसं तेवढीच, म्हणजे दारापर्यंत आणलेल्या मुलाला आपण वेटिंग लिस्टवर टाकतो. हिंमत करून आलेल्या मुलाला तीन आठवड्यांनी या म्हणणं मला अजूनही सहन होत नाही.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. पेन स्टेट युनिव्हर्सिटीत एक केंद्र आहे, देशभरातल्या कॉलेज काउन्सेलिंग सेंटरांची माहिती एकत्र करून अभ्यास करतं. त्यांनी दाखवलं की २००९ ते २०१५ या काळात कॉलेजांमधले प्रवेश साधारण ५ टक्के वाढले आणि काउन्सेलिंग सेंटरचा वापर सरासरी ३० ते ४० टक्के. एका काउन्सेलरवर वर्षाला किती विद्यार्थ्यांचा भार पडतो हेही ते मोजतात, आणि भार जास्त असतो तिथे मुलांना सेशन कमी मिळतात, दोन सेशनमधलं अंतर वाढतं आणि बरं वाटण्याचं प्रमाणही कमी दिसतं. सेंटरांना मान्यता देणाऱ्या संस्थेची अनेक वर्षं शिफारस होती की दर १००० ते १५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ काउन्सेलर असावा. तुम्ही कुठल्याही मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीची विद्यार्थीसंख्या घेऊन हा भागाकार करून बघा.

कोविडच्या वेळी केंद्र सरकारकडून कॉलेजांना मोठा निधी आला होता, तो मानसिक आरोग्यासाठी वापरा असं शिक्षण खात्याने २०२२ मध्ये मुद्दाम सांगितलं. बऱ्याच ठिकाणी माणसं घेतली गेली. २०२३ च्या जूनअखेर बहुतेकांची मुदत संपली, आणि मुलांचा त्रास काही त्या तारखेला संपला नाही.

कायमचा पैसा कुठून येणार, तर राज्याच्या बजेटमधून, नाहीतर विद्यार्थ्यांच्या हेल्थ फीमधून. फी वाढवणं मला पटत नाही, जो मुलगा पैशाच्या काळजीने झोपत नाही त्याच्याकडूनच त्याच्या काउन्सेलरचा पगार काढायचा हे कसं वाटतं. कॅलिफोर्नियाने २००४ साली मतदान घेऊन १० लाख डॉलरच्या वरच्या वैयक्तिक उत्पन्नावर १ टक्का जादा कर लावला, फक्त मानसिक आरोग्यासाठी, आणि त्यातला काही भाग पुढे तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटींच्या कॅम्पसपर्यंत पोचला. श्रीमंतांचं उत्पन्न खाली-वर होतं तसा तो पैसाही होतो, पण निदान दर तीन वर्षांनी हात पसरावा लागत नाही.

भारतातही सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या जुलैमध्ये सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर ठेवावा. वाचून खूप बरं वाटलं, आणि लगेच माझ्या सवयीचा प्रश्न आला की हा पगार कुठल्या हेडखाली जाणार, पोस्ट मंजूर होणार की कंत्राटावर अकरा महिने. तिथे काम करणाऱ्यांनी प्लीज हे पहिल्याच मीटिंगमध्ये विचारा.

ग्रँट नकोच असं मी म्हणत नाहीये, सुरुवात करायला तिच्यासारखं काही नाही. पण माणूस घ्यायचा असेल तर पहिल्या वर्षी पूर्ण पगार ग्रँटमधून, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश आणि उरलेला युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या बजेटमधून, चौथ्या वर्षी पोस्ट कायम, हे अर्ज पाठवायच्या आधी लेखी घ्यायचं. मागच्या वेळी मी तोंडी "बघू, करू काहीतरी" यावर विश्वास ठेवला. ती माझी चूक होती.

नवीन अर्जाची डेडलाइन पुढच्या महिन्यात आहे. बजेट तसंच बसवलंय, फायनान्सकडे पत्राचा मसुदाही करून दिलाय, त्यांनी फक्त सही करायची आहे. दोन आठवडे झाले, सही अजून आलेली नाही. उद्या सकाळी फोन नाही करणार, सरळ जाऊन त्यांच्या दाराशी बसणार आहे.