नळदुर्गचा पाणीमहाल

आज आईला घेऊन सोलापूरहून सकाळच्या एसटीने नळदुर्गला गेलो. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, किल्ल्यातच दगडी बंधारा घातला आणि त्याच्या पोटात महाल बांधला. पाऊस भरपूर झालाय, त्यामुळे नर आणि मादी दोन्ही धबधबे जोरात! आत खिडकीपाशी उभं राहिलं की अख्खी नदी डोक्यावरून येऊन डोळ्यांसमोर कोसळते. अंगावर नुसते तुषार. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना खरंच दंडवत. आई कितीतरी वेळ कमानीचा दगड चाचपत होती.

बंधाऱ्यावर मात्र पोरं अगदी कडेला जाऊन सेल्फी घेत होती, बघवत नव्हतं. कृपा करून असं करू नका रे. पाणी आहे तोवर मावशीलाही न्यायचं ठरलंय.