तापीकाठची काळी माती आणि हमादांची बरणी

स्टोनवेअरची, म्हणजे फार कडक आगीत भाजलेल्या मातीची, बरणी हातात आली की मी आधी ती उलटी करून तळ बघते. तळाला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकाकणारा लेप, लावत नाहीत, कारण भट्टीत ते वितळून बरणी खालच्या फळीला कायमची चिकटेल. म्हणून तिथे माती उघडी राहते. ती किती रवाळ आहे, तिच्यात लोखंड किती, बरणी चाकावरून दोऱ्याने कशी कापली, सगळं तिथे दिसतं. संग्रहालयात मात्र बरणी काचेपलीकडे उभी असते, तिला कोण उलटी करून दाखवणार? तरी तळाच्या कडेला ग्लेझ जिथे थांबलंय ती रेघ दिसते, आणि तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

माझ्या मोबाईलमध्ये जपानी कुंभार शोजी हमादा यांच्या भांड्यांचे असे बरेच फोटो आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासह जगातल्या मोठ्या संग्रहांत त्यांचं काम आहे. 1894 साली जन्मलेले हमादा 1920 मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्याबरोबर इंग्लंडला गेले, सेंट आइव्ह्जला दोघांनी मिळून पॉटरी उभी केली, आणि 1924 मध्ये जपानला परतल्यावर ते माशिको नावाच्या गावात राहायला गेले. माशिको तेव्हा टोकियोच्या स्वयंपाकघरांना मडकी आणि बरण्या पुरवणारं गाव. हमादांनी बाहेरून उंची माती मागवली नाही. गावचीच माती घेतली. तिथला एक दगड कुटून त्याचं तांबूस-तपकिरी ग्लेझ केलं, चुलीतली राख वापरली, भाताच्या तुसाच्या राखेतून दुधाळ पांढरं ग्लेझ काढलं. पुढे भांड्यांवर सही करणंही त्यांनी सोडून दिलं. 1955 साली जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला.

मला त्यांच्या कामातलं सगळ्यात जास्त काय भावतं तर हे: बरणीच्या अंगावर तिचं गाव आहे. आणि माझं आजोळ नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याचं. काळी माती, कापूस, केळी यांच्यात माझ्या सुट्ट्या गेल्या. नाशिकच्या स्टुडिओत मी गुजरात-राजस्थानकडची पोत्यातून येणारी पावडर भिजवते, तेव्हा दर वेळी वाटतं, माझ्या मातीचं का नाही?

म्हणून या खेपेला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी निघाले. धुळ्याहून एसटीने दोंडाईचा, पुढे सारंगखेड्याचा पूल. चैत्र-वैशाखातलं ऊन म्हणजे खिडकीची दांडी हाताला चटका देते. पण पुलावर बस आली की तापीचं अडवलेलं पाणी दोन्ही बाजूंना पसरलेलं दिसतं आणि सगळी बस क्षणभर खिडकीकडे वळते. शहाद्याला मामा स्टँडवर उभाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रकाश्याला गेलो. सातपुड्यातून उतरणारी गोमाई इथे तापीला मिळते. लोक प्रकाश्याला दक्षिणकाशी म्हणतात, केदारेश्वराच्या दर्शनाला गर्दी असते. आम्हीही दर्शन घेतलं, पण माझं लक्ष गावाखालच्या पांढरीकडे, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाकडे होतं. 1955 साली बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं आणि खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली. काळ्या रंगाने नक्षी काढलेली तांबडी भांडी, माळवा आणि जोर्वे पद्धतीची. जोर्वे भांडं इतकं छान भाजलेलं असतं की टिचकी मारली तर खणखणतं. सावळदा गावही शहादा तालुक्यातलंच, त्याच तापीच्या काठचं. त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी भांडी त्याहून जुनी, चार हजार वर्षांपूर्वीची. हळू फिरणाऱ्या चाकावर घडवलेली, जाड लेपाची, उंच गळ्याचे घट. त्यांच्यावर त्या माणसांनी काय रंगवलं? बाणाची टोकं, मासे, मासे धरायचे गळ. नदीकाठच्या माणसाच्या रोजच्या हातातल्या वस्तू! आजच्या स्टुडिओत आम्ही ‘स्वतःची शैली’ शोधत बसतो, त्यावर मला याहून चांगलं उत्तर माहीत नाही.

पांढरीवरून मी खापराचा तुकडाही उचलला नाही, आणि कुणी उचलू नये. त्या जागची खापरं त्या थरातच शहाणी. पिशवीत पडली की मुकी होतात. माती मी मामाच्या शेताच्या बांधावरून घेतली.

संध्याकाळी मामा मला ओळखीच्या एका कुंभारबाबांकडे घेऊन गेला. आखाजी तोंडावर, म्हणजे त्यांच्या वर्षातले सगळ्यात धावपळीचे दिवस. खान्देशात आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर छोटं भांडं, वर डांगर (खरबूज), शेजारी सांजोऱ्या आणि आंब्याचा रस. घरोघरी नवी घागर लागते. अंगणभर ओल्या घागरी उन्हाला मांडल्या होत्या, बाबा सावलीत बसून माठ ठोकत होते.

हे ठोकणं मी कितीही वेळ बघू शकते. चाकावरून उतरलेला माठ जाड आणि बुटका असतो, बुडाला उघडा. डावा हात आत, त्यात दगडी गोळा. उजव्या हातात लाकडी थापी. गोळा राखेत बुडवून घेतात, म्हणजे माती चिकटत नाही. बाहेरून थाप पडते त्याच जागी आतून गोळा टेकलेला असतो, नजर तिसरीकडेच. थापेगणिक माती पातळ होत जाते, पोट फुगतं, उघडं बूड कडेकडेने मिटत येतं आणि शेवटी एकसंध गोल होतं. स्टुडिओत मी यंत्रावर चालणाऱ्या चाकावर बरणी ओढते, ती आतून बोटांच्या वळ्या ठेवते. बाबांच्या माठाला आत वळ्या नाहीत, गोळ्याचे उथळ खळगे आहेत. बोट फिरवलं की एकेक लागतो.

मी त्यांना हमादांच्या बरणीचा फोटो दाखवला. त्यांनी हात पुसले, फोन घेतला, आणि मी काही सांगायच्या आत तळाची रेघ मोठी करून बघितली.

“हाई खाले कोरी का ठेवी?”

मी चिकटण्याचं सांगितलं. ते पटलं. मग विचारलं, ही भाजते कशावर? मी म्हटलं, बाबा, तुमची आव्याची भट्टी लाल होते तिथे थांबते, आठशे-नऊशे अंशांच्या आसपास. ही बरणी बाराशे-तेराशेपर्यंत नेतात, आगीचा रंग पिवळा-पांढरा होईपर्यंत. त्या आगीत माती जवळजवळ काचेसारखी आळते, पाणी पीत नाही.

“मंग पानी थंडं नई व्हस?”

नाही होत. माठातलं पाणी गार होतं ते माठ पाझरतो म्हणून. बाहेर आलेला ओलावा वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. स्टोनवेअर पाझरतच नाही. त्यात लोणचं, तूप, मीठ ठेवायचं. मामीच्या कपाटातली वरून तपकिरी, खाली पांढरी बरणी याच जातीची. कारखान्यात साच्यावर निघालेली आहे, पण गुण तोच: कैरीची आंबट फोड आणि तेल वर्षभर आत राहिलं तरी बाहेर डाग येत नाही. बाबा मान डोलावत म्हणाले, म्हणजे त्यांचं काम वेगळं, आपलं वेगळं. बरोबर आहे. माठाला कमी प्रतीचा आणि स्टोनवेअरला वरच्या प्रतीचा समजणाऱ्यांनी जळगाव-शहाद्याचा एक मे महिना काढावा.

मग मी माझी पिशवी उघडून काळी माती पुढे केली. बाबांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली. नुसती ही माती भांड्याला चालायची नाही, हे त्यांनी लगेच सांगितलं, आणि त्याचं कारण मलाही ठाऊक होतं. बेसॉल्ट कुजून झालेली ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा भांड्यालाही पडतात. म्हणून कुंभार तिच्यात गाळ, राख, लीद मिसळून तिला सैल करतात. पण मला तिचं भांडं करायचंच नव्हतं. तिच्यात लोखंड आणि चुना भरपूर, त्यामुळे स्टोनवेअरच्या आगीत ती उभी राहत नाही, वितळते. भांड्यासाठी हा दोष. ग्लेझसाठी तेच तर हवं! जोडीला आव्यात जळलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांची राख. झाडाच्या राखेत चुना आणि पोटॅश असतं, ते वितळायला मदत करतं. बाबांनी आव्याच्या कडेची राख स्वतः चाळून डब्यात भरून दिली. पैसे घेईनात. मग मी दोन घागरी विकत घेतल्या, एक मामीसाठी, एक नाशिकसाठी.

नाशिकला आल्यावर माती भिजवली, बारीक चाळणीतून गाळली, राख धुऊन घेतली. धुताना हातमोजे घालावेत, राखेचं पाणी कातडी खातं. छोट्या फरशांवर वेगवेगळ्या प्रमाणात लेप दिला आणि विजेच्या भट्टीत 1240 अंशांपर्यंत नेलं. नुसत्या मातीची फरशी जवळपास काळी, चकाकी अर्धवट. राख अगदी थोडी घातली तिथे रंग काकवीसारखा आला. राख वाढवली तशी चकाकी वाढली, कडेला लेप पातळ झाला तिथे तांबूस उजळलं, आणि राख फार झाली ती फरशी ओघळून फळीवर उतरली. मधलं प्रमाण मी वहीत लिहून ठेवलंय. पहिली मोठी बरणी त्याच ग्लेझने करणार आहे, खांद्यावरून दोन-तृतीयांश उंचीपर्यंत, खाली माती कोरी ठेवून.

पांढऱ्या ग्लेझसाठी तूस हवं. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, ग्लेझ दुधाळ होतं ते तिच्यामुळे. शहाद्याला भात फारसा नाही, पण त्याच जिल्ह्यात नवापूरकडे चांगला पिकतो. मामाने तिकडच्या एका गिरणीवाल्याशी बोलून ठेवलंय. दिवाळीत गेले की पोतं घेऊन येईन, आणि वाटेत फरशा बाबांना दाखवेन.