ब्रूक, जे आणि ब्लूबॉटल: मलेशियाच्या नोंदी

मंडळी, मलेशियातल्या फुलपाखरांच्या नोंदी एकदाच्या वहीत उतरल्या. यादी लांबली हे खरंच, पण खरी कमाई म्हणजे पंख मिटून बसलेला जे (Jay, एक फुलपाखरू) आता बऱ्यापैकी ओळखता येतो.

इपोह शहराच्या दक्षिणेला गोपेंग, तिथून आत उलू गेरो हे सेमाई आदिवासींचं गाव. गाईडही गावातलाच. रॅफ्लेशिया हे प्रचंड मोठं फूल याच रानात फुलतं, पण आमचं ठाणं होतं क्षारांच्या झऱ्यावर. राजा ब्रूक्स बर्डविंग या मोठ्या फुलपाखराचे नर तिथे चिखलपानाला, म्हणजे ओल्या मातीतले क्षार शोषायला, उतरतात. काळेभोर पंख, त्यावर झगझगीत हिरवे त्रिकोण, मानेशी लालभडक पट्टा. १८५५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने सारावाकचा राजा जेम्स ब्रूक याच्या नावाने याचं बारसं केलं. मादी सहसा झाडांच्या शेंड्यांवरच असते. आम्हाला काही तिने दर्शन दिलं नाही. ब्रूकचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, तेव्हा इतकं पुरे.

खरी मजा शेजारच्या ओल्या वाळूत. गाईड म्हणाला, फिरू नका, बसा. ऊन चढलं तसे जे आणि ब्लूबॉटल ही फुलपाखरं जमू लागली. पालथं पडून दुर्बिणीतून पाहिलं: सोंड वाळूत, आणि मागून थोड्या थोड्या वेळाने पिचकारीसारखा थेंब बाहेर! हवं असतं सोडियम, पाणी नुसतं आरपार जातं. नराने साठवलेल्या क्षारांतला वाटा मिलनात मादीला मिळतो.

आता ओळखीची खूण. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, वरच्या कडेशी एक आखूड काळा पट्टा असतो. कॉमन जेमध्ये तो पंखाच्या बुडाजवळच्या काळ्या पट्ट्यापासून सुटा, ब्लू जेमध्ये चिकटलेला. ब्लूबॉटलचंही बघा: तिकडची जात सार्पेडॉन, आपल्या सह्याद्रीतली अरुंद पट्ट्याची जात टेरेडॉन. ताम्हिणीच्या जुन्या याद्यांत सार्पेडॉन लिहिला असेल तर तेवढं बदलून घ्या.

पुढे फ्रेझर्स हिल हे थंड हवेचं ठिकाण. सियामांग गिबन माकडांच्या हाका, चष्मेवाले लंगूर, झकास. फक्त गटात पक्षीवाले जास्त, त्यामुळे रोज पहाटे पक्षी बघायला वरात निघायची. सहल ठरवताना हे आधीच विचारा. ऊन आल्याशिवाय आपली फुलपाखरं पंख उघडत नाहीत. लीच सॉक्स (जळवांपासून वाचवणारे मोजे) मात्र न्याच.

पाऊस उघडला की ताम्हिणीत एकाच ओढ्याकाठी सकाळभर बसायचा बेत आहे. गाडीत जागा आहे, सतरंजी आपापली आणा. सिंहगडाच्या पायथ्याला अशी ओली जागा कुणी हेरली असेल तर तीही सांगा.