आमची वाटचाल : सारेच तारे जोडीनं

रमण विज्ञान केंद्रात १९९७ साली तारांगण सुरू झालं. घुमटातलं आकाश नागपूरकरांना नवं नाही. आम्ही ते टेम्पोत घालून उमरेड, काटोल, रामटेकच्या शाळांत नेतो. पाच मीटरचा फुगवायचा घुमट, सोळा कळ्यांचा, इतवारीत शिवलेला. आतून राखाडी. पांढऱ्या कापडावर एका बाजूचा उजेड समोर जाऊन पडतो आणि काळं आकाश फिकं होतं, हे धंद्यातल्यांना ठाऊकच आहे. आमचे जुने भागीदार अजून पांढराच फिरवतात. असो.

हेच भागीदार ऐन हंगामात वेगळे झाले. प्रोजेक्टर आणि फिशआय लेन्स, म्हणजे चित्र अख्ख्या घुमटावर पसरवणारं भिंग, त्यांच्या नावावर. माझ्या वाट्याला घुमट, ब्लोअर आणि बँकेचा हप्ता. मग भाड्याचा प्रोजेक्टर आणला आणि पार्किंगच्या वळणावर लावतात तसला गोल आरसा, प्रोजेक्टरचा उजेड घुमटभर पसरवायला. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आरशासाठी चित्र आधीच वाकवून सोडायची सोय आहे. घुमटावर ते सरळ दिसतं. तीन रात्री जागून जमवलं.

पहिला खेळ काटोलजवळच्या जिल्हा परिषद शाळेत. अंधार केला, आणि प्रत्येक ताऱ्याला जोडीदार! या आरशाचा चकाकता मुलामा मागच्या बाजूला ना. एक प्रतिबिंब पुढच्या प्लास्टिकचं, एक मुलाम्याचं. मला घाम फुटला. एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, सारेच तारे जोडीनं कायले?"

"आज सारेच वसिष्ठ-अरुंधती आहेत, बाई," गुरुजी म्हणाले आणि पुढचा खेळ त्यांनीच हातात घेतला. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवायला लावली : एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश; दोन मुठी वर ध्रुव, कारण आपला अक्षांश २१, आणि ध्रुव तेवढाच वर दिसतो. बाहेर आल्यावर पैसे पूर्ण मोजले. "पुढच्या साली एकेकच तारा आणजा, भाऊ."

आणला. पुढून ॲल्युमिनियम चढवलेला आरसा, उधारीवर. नव्यांना सांगतो, त्याला कापड लावू नका, ओलं नाही, कोरडंही नाही; कॅमेऱ्याच्या फुग्यानं धूळ उडवा. आमच्या पोऱ्यानं एकदाच पुसला, तो ओरखडा अजून सप्तर्षींतून जातो. आणि लेन्स मिरवणाऱ्यांनीही हिशेब करावा : १९२० बाय १०८० च्या चित्रात अख्खं वर्तुळ बसवलं की निम्म्याहून जास्त पिक्सेल काळे.

नंतरची वर्षं बरी गेली. गुरुजी निवृत्त झाले, तरी शाळेचा फोन तेच करतात.

जुना आरसा गोडाऊनच्या वळणावर लावलाय. टेम्पो मागे घेताना बरा पडतो.