साळखात्याचा उजेड

रविवार, नांदेड

सकाळी मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसनं परत आले. अंग आंबलंय, तरी लिहूनच झोपणार.

भाच्याचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या कापड गिरणीत. दारं काचेची, कार्ड दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. छप्पर मात्र जुनंच, करवतीच्या दातांसारखं. "आत्या, दिवसा आम्हाला लाईट लावावाच लागत नाही," तो कौतुकानं सांगत होता.

त्याचं कारण अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला लहानपणीच सांगितलं होतं. छपराच्या काचा उत्तरेला तोंड करून बसवतात. ऊन थेट आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर एकसारखा. साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेला धागा चटकन दिसावा म्हणून ही सगळी खटपट. आज त्याच उजेडात लेकरं कॉम्प्युटरवर काम करतात आणि पडद्यावर तिरीप पडत नाही. एका लोखंडी खांबाला साचे चालवणाऱ्या शाफ्टचा, म्हणजे फिरत्या दांड्याचा, आधार तसाच ठेवलाय. रंगाचे इतके थर बसलेत, की बोल्टाच्या कडा बोथट झाल्यात. बराच वेळ हात लावून उभी होते.

पाडून टॉवर उभा करणं सोपं होतं. तसं केलं नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. पण दारातल्या फलकावर नुसती कंपन्यांची नावं. इथं कोण राबलं, कुठलं खातं कुठं होतं, याची एक ओळ नाही. साळखातं म्हणजे कापड विणायचं खातं, हे भाच्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या आजोबांची उमर त्याच खात्यात गेली!

अप्पा आपल्या नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते. निजामाच्या काळातली गिरणी. १९७४ च्या कायद्यानं सरकारनं १०३ गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांत हीसुद्धा. इथली हवा कोरडी, उन्हाळ्यात सूत पटापट तुटायचं, म्हणून खात्यात पाण्याचा बारीक फवारा सोडून ओल धरायचे. अप्पा पाळीवरून यायचे ते भुवयांवर कापसाची कणी घेऊन. आई अंगणातच कपडे झटकायला लावायची.

गिरणी बंद पडली आणि पोरांनी मुंबई-पुण्याची गाडी धरली. परभणी, सेलू, जालन्याकडच्या जुन्या जिनिंगच्या शेडांत ऑफिसं का होऊ नयेत? पोरांना गावातच काम मिळेल. मात्र आधी तिथल्या जुन्या माणसांना विचारून सगळं टिपून ठेवलं पाहिजे.

अप्पांना हल्ली दिसतं कमी, आठवतं लख्ख. उद्या चहा झाला की वही घेऊन त्यांच्याजवळ बसणार. गेटपासून सुरुवात करून खात्यांचा नकाशा काढायचा, आणि जॉबरपासून, म्हणजे खात्यातल्या मुकादमापासून, बदली कामगारापर्यंत आठवतील तेवढी नावं त्यांत भरायची.