सेव्हियातील पवित्र आठवडा

ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्यात स्पेनमधील विद्यापीठे बंद असतात. वर्गातील बरीच मुले समुद्रकिनारी गेली. मी मात्र सालामांकाहून माद्रिदला आणि तिथून १९९२ साली सुरू झालेल्या अतिवेगवान रेल्वेमार्गाने सेव्हियाला आले.

काल गुरुवारची रात्र आणि आज शुक्रवारची पहाट मी रस्त्यावर उभे राहूनच घालवली. हुआन दे मेसा या शिल्पकाराने १६२० साली लाकडात कोरलेली, क्रूस वाहणाऱ्या येशूची मूर्ती वाद्यांविना मिरवत येते, तेव्हा गर्दी आपोआप शांत होते. मूर्तीचा अवजड मखर खाली दडलेले, बाहेरून न दिसणारे पुरुष मानेवर पेलतात. पुढे चालणारा प्रमुख ठोका देतो आणि त्या इशाऱ्यासरशी सगळे एकदम उठतात. डोळ्यांसमोरचे काहीही न दिसता, केवळ त्याच्या आवाजावर विसंबून ते अरुंद गल्लीतले वळण घेतात, हे मला त्या सुंदर मूर्तीइतकेच थोर वाटले. त्यासाठी कित्येक आठवडे आधीपासून रात्री सराव चालतो. (टोकदार टोप्यांनी चेहरे झाकलेले लोक पाहून परदेशी पाहुणे दचकतात, पण तो प्रायश्चित्ताचा जुना पोशाख आहे.) एका सज्जातून कुणीतरी साथीविना ‘सायेता’ हे भक्तिगीत गायले, तेव्हा मखर थांबला आणि गाणे संपेपर्यंत कुणीही हलले नाही.

पंढरीच्या वारीत पालखीसोबत चाललेल्या माझ्या आजीला हे सारे दाखवावे, असे फार वाटले. उद्या कोर्दोबाला जाऊन आठव्या शतकातली मशीद आणि तिच्या मधोमध सोळाव्या शतकात उभारलेले कॅथेड्रल पाहणार आहे.